एकरी बारा मिलिग्रॅम

कांदा चिरायला घेतला की एखाद्या वेळी वरची साल काढल्यावर आत काजळीसारखी काळी पूड दिसते. बोटांना लागते, नळाखाली धरली की निघून जाते, आणि आपण तो पापुद्रा टाकून पुढचा कांदा हातात घेतो. चाळीत पावसाळा काढलेला कांदा निवडताना तर ही पूड भुरूभुरू उडते. ती अ‍ॅस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीची असते, आणि दिसणारी पूड म्हणजे त्या बुरशीचे बीजाणू. एक बीजाणू साधारण चार मायक्रॉनचा. मिलिमीटरचे अडीचशे भाग करा, त्यातला एक. एक मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा ठिपका घेतला आणि त्यात हे बीजाणू दाटीवाटीने बसवले, तर दीड कोटी मावतील. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. अख्खी मुंबई एका ठिपक्यात बसेल आणि वर जागा उरेल.

शेतकऱ्याला ही बुरशी साठवणीतली नासाडी म्हणूनच ठाऊक आहे. कारखानदाराला ती वेगळ्याच कारणाने हवी असते. ढोकळ्यात, सरबतात, गोळ्या-चॉकलेटात जे सायट्रिक अ‍ॅसिड असते, ते जवळजवळ सगळे हीच बुरशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवून काढले जाते, आणि तेही वर्षाला २० लाख टनांहून जास्त. याशिवाय तिच्याजवळ एक एन्झाइम आहे. पाठ्यपुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. या विकराचे नाव फायटेज. पिकाच्या मुळाशी अडकून पडलेले स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोकळे करण्याची ताकद त्यात आहे. त्या ताकदीचे आकडे मी पहिल्यांदा मांडले तेव्हा कुठेतरी शून्य जास्त पडले असेल म्हणून तीनदा तपासले. शून्य जास्त पडले नव्हते.

पुढचे आकडे वाचायला एक माप हाताशी लागेल, कारण लाख-कोटी इथे पुरत नाहीत. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली. तिच्यात सुरुवातीलाच दहादहा पटींनी चढत जाणाऱ्या संख्यांची नावे दिली आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म अशी ती चढत जातात आणि परार्धावर थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. एक कोटी गुणिले एक कोटी, आणि त्याची पुन्हा हजारपट. सेकंदाला एक या वेगाने कुणी मोजायला बसले, तर एक परार्ध मोजून व्हायला ३१७ कोटी वर्षे लागतील. पृथ्वीचे वयच साधारण ४५४ कोटी वर्षे आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची नोंद आहे, त्या गणितज्ञाने शेवटची पायरी म्हणून दिलेली ही संख्या मातीत पावलोपावली भेटते.

आता एक एकर जमीन घेऊ. नांगराच्या तासाखाली येणारी वरची १५ सेंटीमीटर माती, वजनाने साधारण आठ लाख किलो. किलोमागे ५०० मिलिग्रॅम स्फुरद असलेली मध्यम जमीन धरली, तर त्या एकरात ४०० किलो स्फुरद आहे. डीएपी खताच्या ५० किलोच्या पोत्यात शुद्ध स्फुरद सुमारे दहा किलो असते. पोत्यावरचा ४६ टक्के हा आकडा ऑक्साइडच्या रूपातला, तो उतरवून घ्यावा लागतो. म्हणजे त्या एका एकरात चाळीस पोती डीएपीइतके स्फुरद आजच पडून आहे.

पण मूळ माती खात नाही, ते पाण्यात विरघळलेलेच घेते. तर मग पाण्यात किती आहे? वाफशावर असलेल्या त्या मातीत दीड लाख लिटर पाणी धरू. मातीच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम स्फुरद असणे ही नेहमीची गोष्ट. हिशेब येतो १५ ग्रॅम. चहाचे तीन चमचे भरून साखर घेतली तर होईल तेवढे वजन. घरात चारशे किलो, आणि ताटात पंधरा ग्रॅम. गव्हाचे बरे पीक एकरातून साधारण सहा किलो स्फुरद उचलते. म्हणजे ते ताट हंगामात चारशे वेळा रिकामे होते आणि चारशे वेळा भरावे लागते. ११० दिवसांचे पीक धरले तर रोज तीन-चार वेळा.

भरावे लागते, आणि तेही मुळाच्या अगदी तोंडाशी. स्फुरद मातीत फार सावकाश सरकते, दिवसाला मिलिमीटरभरसुद्धा नाही. मूळ आपल्याभोवतीचे एक-दोन मिलिमीटरमधले स्फुरद ओढून घेते आणि मग त्याच्याभोवती रिकामी पोकळी तयार होते. बोटभर अंतरावर साठा असतो आणि रोप उपाशी असते. पानांवर जांभळट छटा येते, वाढ खुंटते. आपण पुन्हा पोते आणतो. सरकारी अनुदानानंतर ते १,३५० रुपयांना पडते, आणि त्यातलेही पहिल्या पिकाच्या वाट्याला साधारण दहा ते पंचवीस टक्केच येते. उरलेले चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमला आणि कोकणातल्या जांभ्या मातीत लोह-अ‍ॅल्युमिनियमला चिकटून त्या चारशे किलोत जमा होते. ज्या खडकापासून हे खत बनते तो आपण जॉर्डन, मोरोक्को, इजिप्तसारख्या देशांतून जहाजाने आणतो. जगाच्या ज्ञात साठ्यातला दोन तृतीयांशाहून मोठा वाटा मोरोक्को आणि पश्चिम सहाराच्या वाळवंटात आहे. बापाने विहिरीत पैसे टाकत राहावे आणि मुलाने सावकाराकडे जावे, तसे हे चालले आहे.

या अडकलेल्या स्फुरदाचा एक भाग सेंद्रिय रूपात असतो. जगभरच्या मातींत तो साधारण ३० ते ६५ टक्के. आपल्या कोरडवाहू, कर्ब खालावलेल्या जमिनीत आपण हात आखडून चौथा हिस्साच धरू. तरी ते एकरी १०० किलो झाले, म्हणजे दहा पोती. त्यात महत्त्वाचा वाटेकरी आहे फायटेट. ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा, कुठलाही दाणा घ्या. त्याच्या स्फुरदापैकी ६० ते ८० टक्के फायटेटमध्ये बांधून ठेवलेले असते. ही आईने लेकराला दिलेली शिदोरी आहे. एका कड्याला सहा फॉस्फेट टांगलेले, आणि प्रत्येकाला कुलूप. मटकी भिजवून फडक्यात बांधली की दाण्याचे स्वतःचे फायटेज जागे होते आणि ती कुलपे उघडू लागते. मोड आलेली मटकी पचायला हलकी लागते, तिच्यातले लोह आणि जस्त अंगी जास्त लागते, त्याचे एक कारण हे आहे. पण मातीत पडलेल्या फायटेटला फडके कोण बांधणार?

कुलूप किती पक्के, हे मोजलेले आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे रिचर्ड वोल्फेंडन यांनी आयुष्याचा मोठा भाग एका प्रश्नाला दिला: एन्झाइम नसतेच, तर जीवसृष्टीतल्या अभिक्रियांना किती वेळ लागला असता? पाणी बंद नळ्यांत खूप तापवायचे, उच्च तापमानाला बंध किती वेगाने तुटतो ते मोजायचे, आणि त्यावरून २५ अंश सेल्सिअसचा वेग काढायचा, ही त्यांची रीत. फॉस्फेटचा असा एकेरी बंध पूर्ण ऋणभारित रूपात पाण्यात नुसता ठेवला, तर त्यातले निम्मे बंध तुटायला किती काळ लागेल? २००३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उत्तर छापले: १.१ लाख कोटी वर्षे. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे. म्हणजे विश्व जन्मून आजवर जेवढा काळ गेला, तेवढा ऐंशी वेळा जावा लागेल आणि तरीही निम्मेच बंध सुटतील.

हेच काम एन्झाइम सेकंदाच्या शंभराव्या भागात करते.

दोन वेगांचे गुणोत्तर आहे एकावर एकवीस शून्ये. दहा हजार परार्धपट. निसर्गात मोजल्या गेलेल्या सर्वांत प्रचंड वेगवाढींपैकी ही एक आहे. शेतात उभे राहून मला याचा अर्थ एवढाच दिसतो की मातीतल्या ज्या सेंद्रिय स्फुरदाला ‘हळूहळू मिळेल’ म्हणतात, ते आपोआप कधीच मिळणार नाही. विश्व संपेल पण मिळणार नाही. ते मिळते तेव्हा दर वेळी कुणीतरी सजीवाने किल्ली लावलेली असते.

कांद्यावरच्या त्या काळ्या बुरशीचे फायटेज ही अशीच किल्ली आहे, आणि तिचा अभ्यास जुना आहे. १९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत तिच्या जवळच्या भाऊबंद बुरशीचे फायटेज कोंबड्यांच्या खाद्यात घालून पाहिले गेले, कारण कोंबडीला आणि डुकराला दाण्यातले फायटेट पचत नाही आणि स्फुरद विष्ठेतून वाया जाते. १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये ते बाजारात आले. तिथे जनावरांच्या शेणा-मुताने जमीन आणि पाणी स्फुरदाने ओथंबले होते आणि काहीतरी करणे भागच होते. आज जगभरच्या कुक्कुटखाद्यात ते सर्रास मिसळतात, किलोला साधारण ५०० युनिट.

हे युनिट म्हणजे काय ते पाहा. मिनिटाला एक मायक्रोमोल फॉस्फेट मोकळे करील एवढे फायटेज म्हणजे एक युनिट. एका मायक्रोमोलमध्ये रेणू किती? सहा परार्ध. एक युनिट फायटेज मिनिटाला सहा परार्ध कुलपे उघडते. आणि हे शुद्ध एन्झाइम एक मिलिग्रॅम घेतले तर त्यात अशी सुमारे शंभर युनिटे असतात.

आता आपला एकर. गव्हाला सहा किलो स्फुरद हवे, ११० दिवसांत. सहा किलो म्हणजे १९ कोटी ३५ लाख मायक्रोमोल. ११० दिवस म्हणजे १ लाख ५८ हजार ४०० मिनिटे. भागाकार केला की १,२२२ युनिटे येतात. मिलिग्रॅममागे शंभर युनिटे, म्हणून बारा मिलिग्रॅम.

बारा मिलिग्रॅम म्हणजे मोहरीचे चार-पाच दाणे. कागदावरचा हिशेब सांगतो की मोहरीच्या चार-पाच दाण्यांएवढे एन्झाइम एका एकरातल्या गव्हाचे पूर्ण हंगामाचे स्फुरद मोकळे करू शकते. तीनदा तपासलेला आकडा तो हाच.

मग आपण पोती का वाहतो? कारण हा हिशेब काचेच्या भांड्यातला आहे. ३७ अंश तापमान, थोडे आंबट पाणी, आणि समोर विरघळलेले फायटेट. कोंबडीच्या पोटात साधारण तसेच असते, म्हणून तिथे यश आले. शेत म्हणजे भांडे नव्हे. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती एक ग्रॅम शुद्ध घेतली तर तिच्या पापुद्र्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस मीटर भरते, म्हणजे साडेसात हजार चौरस फूट. चिमूटभर मातीत दहा मध्यम फ्लॅटची फरशी. एन्झाइमचा रेणू त्या फरशीवर कुठेतरी जाऊन चिकटतो आणि बहुतेकदा तिथेच निकामी होतो. उरलेल्याला जिवाणू खातात, कारण एन्झाइम म्हणजे प्रथिन, आणि उपाशी मातीत प्रथिन कोण सोडतो? दुसरीकडे फायटेटसुद्धा कॅल्शियमला घट्ट बिलगून बसलेले असते. किल्ली आहे, कुलूप आहे, पण दोघांची गाठ पडत नाही.

ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या सीएसआयआरओ संस्थेत अ‍ॅलन रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी यावर धाडसी उपाय केला. या काळ्या बुरशीच्या फायटेजचे जनुकच त्यांनी अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपात घातले आणि मुळांनाच ते एन्झाइम बाहेर टाकायला लावले. २००१ मध्ये निष्कर्ष आला. जेलीसारख्या माध्यमात, स्फुरदासाठी केवळ फायटेट दिलेले असताना, साधी रोपे खुरटली आणि ही रोपे तयार फॉस्फेट मिळालेल्या रोपांच्या बरोबरीने वाढली. मग तोच प्रयोग क्लोव्हर या चारापिकात करून रोपे प्रत्यक्ष मातीत लावली. तिथे फायदा कधी दिसला, कधी दिसलाच नाही. मला या दुसऱ्या निष्कर्षाचे मोल पहिल्याहून जास्त वाटते. नुसते एन्झाइम मातीत ओतून शेती पिकणार नाही, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. बाटलीत एन्झाइम भरून ‘जादू’ म्हणून विकणाऱ्याला शेतकऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: मातीत हे किती दिवस टिकते?

एन्झाइम टिकत नाही, पण ते बनवणारी बुरशी टिकते. आणि तिची पद्धत बघण्यासारखी आहे. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती आधी बाहेर पचवते आणि मग शोषते. तिचा तंतू दोन ते पाच मायक्रॉन जाड असतो. तो मातीच्या कणाला जाऊन भिडतो आणि टोकातून आधी आम्ल सोडतो, सायट्रिक, ऑक्झॅलिक, ग्लुकोनिक. ढोकळ्यातले ते सायट्रिक अ‍ॅसिड इथे आपल्या मूळ कामावर असते. आम्ल कॅल्शियमला धरून बाजूला करते, फायटेट सुटते, जागेवर आंबटपणाही येतो, आणि मग फायटेज. काचेच्या भांड्यातली परिस्थिती बुरशी आपल्या टोकाशी, केसाहून बारीक जागेत, स्वतः तयार करते. चिकटून निकामी झालेल्या एन्झाइमच्या जागी ती नवे सोडत राहते. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत, जिला सगळे काझरी म्हणतात, किटोमियम ग्लोबोसम या बुरशीवर याच दिशेने काम झाले. ही बुरशी फॉस्फेटेज आणि फायटेज सोडून सेंद्रिय स्फुरद गव्हाला आणि बाजरीला मिळवून देते, असे तिथे दिसले. वाळवंटाच्या कडेच्या मातीत हे घडते, याचा मला विशेष आनंद आहे.

स्फुरद हे एक कुलूप झाले. मातीतले दुसरे मोठे कुलूप काडी-कचऱ्याचे, म्हणजे सेल्युलोजचे. त्याची किल्ली एका लष्करी तंबूत सापडली.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या बोगनव्हिल बेटावर अमेरिकन फौजांचे सुती तंबू आणि पट्टे इतक्या झपाट्याने कुजू लागले की लष्कराने कारण शोधायला माणसे लावली. तिथल्या कुजक्या कापडावरून एक हिरवट बुरशी वेगळी काढली गेली. नोंदवहीत तिचे नाव क्यूएम ६ ए. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिक इथल्या लष्करी प्रयोगशाळेत एल्विन रीझ आणि मेरी मँडल्स यांनी तिच्यावर वर्षानुवर्षे काम केले, आणि रीझ यांच्यावरूनच तिला ट्रायकोडर्मा रीसाय हे नाव मिळाले. आज जगभरच्या कारखान्यांत सेल्युलोज तोडण्यासाठी वाढवले जाणारे या बुरशीचे सगळे वाण त्या एकाच नमुन्याचे वंशज आहेत. सुधारलेले वाण टाकीतल्या एका लिटर द्रवात १०० ग्रॅमहून जास्त प्रथिन सोडतात. एका लिटरमध्ये रेणू किती, तर दहा हजार परार्धांच्या घरात. वोल्फेंडन यांच्या वेगवाढीचा आकडाही हाच होता. तो निव्वळ योगायोग, पण दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

एका रेणूचे काम मात्र सावकाश चालते. २०११ मध्ये टोकियो विद्यापीठाचे कियोहिको इगाराशी आणि सहकाऱ्यांनी अतिवेगवान सूक्ष्मदर्शकाखाली या बुरशीचे एन्झाइम सेल्युलोजच्या दोरीवरून चालताना प्रत्यक्ष पाहिले. वेग सेकंदाला सुमारे सात नॅनोमीटर. पुढचा अडला की मागचे थांबतात, रांग लागते, अगदी घाटात ट्रक बंद पडल्यावर लागते तशी. उसाचे दीड मीटर लांबीचे पान घ्या. त्यात सेल्युलोजची एकसलग साखळी असती, आणि एकाच रेणूने एका टोकाकडून चालायला सुरुवात केली असती, तर दुसऱ्या टोकाला पोचायला जवळजवळ सात वर्षे लागली असती. रेणूच नसता तर सेल्युलोजचा तसा बंध आपोआप तुटण्याचा निम्मा काळ सुमारे ५० लाख वर्षे. आणि शेतात सरीत दाबलेले, ओल धरून ठेवलेले पाचट काही महिन्यांत काळे होऊन मातीत मिसळते. पन्नास लाख वर्षे आणि काही महिने यांच्यामधले अंतर बुरशी आणि तिच्या सोबतचे जिवाणू पार करतात.

एक हेक्टर ऊस तुटला की मागे आठ ते दहा टन पाचट उरते. काडी ओढली की ते एका संध्याकाळी जाते. पश्चिम महाराष्ट्रात तोडणीच्या हंगामात रात्री रस्त्याने जाताना ते फड जळताना आजही दिसतात. त्या आगीत नत्र धुरावाटे जाते, कर्ब जातो, आणि वरच्या थरातली जी बुरशी पुढच्या पिकासाठी फुकटात काम करणार होती तीही होरपळते. हे बघून मला वाईट वाटते, आणि वाटत राहील.

आता मुळांशी थेट नाते असलेली बुरशी. रोपवाटिकेत तिला व्हॅम म्हणतात, पुस्तकात मायकोरायझा. मुळाभोवतीची ती एक-दोन मिलिमीटरची रिकामी पोकळी हिचे तंतू ओलांडतात, कित्येक सेंटीमीटर पलीकडे जातात, तिथले स्फुरद आणून थेट मुळाच्या पेशीत देतात आणि बदल्यात साखर आणि मेद घेतात. हा व्यवहार जुना आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत, धड मुळेही नसलेल्या रोपांच्या पेशींत ही बुरशी दिसते. जगातल्या वनस्पती सर्व प्रकारच्या मायकोरायझा बुरशांच्या तंतूंना वर्षाला किती कर्ब देतात याचा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला: कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात १,३१२ कोटी टन. जीवाश्म इंधनांतून जगाने वर्षभरात सोडलेल्या वायूच्या एक तृतीयांशाहून जास्त.

आणि लांबी? पृथ्वीवरच्या मातीच्या फक्त वरच्या दहा सेंटीमीटरमध्ये या बुरशांचे तंतू जोडत गेले तर साडेचार परार्ध किलोमीटर भरतील, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पृथ्वी ते सूर्य हे अंतर १५ कोटी किलोमीटर. तेवढे अंतर तीनशे कोटी वेळा. प्रकाशाला तो तंतू पार करायला ४७ हजार वर्षांहून जास्त लागतील, आणि आपली आकाशगंगा साधारण एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. ढेकूळ हातात घेऊन फोडले की यातलेच काही मीटर आपल्या बोटांत तुटतात.

शेवटी मामाकडची गोष्ट. रब्बीत हरभऱ्याच्या पेरणीच्या सकाळी ओसरीवर गोणपाट अंथरले होते, त्यावर तीस किलो बी. गुळाचे कोमट पाणी शिंपडून मामा ट्रायकोडर्माची पुडी फोडत होता. किलोला पाच ग्रॅम, म्हणजे तीस किलोला दीडशे ग्रॅम. राखाडी-हिरवट पूड, हाताने हलक्याने चोळायची, बियाची साल निघता कामा नये. मामी म्हणाली, “एवढ्याशा पुडीनं काय व्हायचंय? मर लागायची ती लागतेच.” मामा काही बोलला नाही. मी गणित केले. सरकारी मानकाप्रमाणे पुडीच्या एका ग्रॅममध्ये किमान वीस लाख जिवंत घटक हवेत. दीडशे ग्रॅममध्ये तीस कोटी. महाराष्ट्राच्या २०११ च्या लोकसंख्येच्या अडीच पटींहून जास्त. देशी हरभऱ्याचे शंभर दाणे वीस ग्रॅमचे, म्हणजे किलोत पाच हजार. दर दाण्याच्या वाट्याला दोन हजार.

हे दोन हजार काय करतात, हे १९३० च्या दशकात रिचर्ड वाइंडलिंग यांनी पाहिले होते. ट्रायकोडर्मा रोगट बुरशीच्या तंतूभोवती वेटोळे घालते. मग कायटिनेज आणि ग्लुकानेज ही एन्झाइमे सोडून तिची भिंत विरघळवते आणि आतले खाते. मर रोग आणणारी बुरशी मुळात शिरण्याआधी वाटेत हा पहारा असतो. काही ट्रायकोडर्माला ओल्या नारळासारखा वास येतो. मामीने तो वास घेतला तेव्हा तिला नवल वाटले. तो ज्या द्रव्याचा, ते द्रव्य रोपाच्या वाढीलाही मदत करते. तिच्या शंकेला पूर्ण उत्तर माझ्याजवळ नव्हते, कारण पुडीतले घटक जिवंत असतील तरच हे गणित लागू. पुडी उलटून पाहिली. मुदत संपायला दोन महिने बाकी होते, आणि ती घरात, सावलीत ठेवलेली होती.

म्हणून शेतकरी वाचकांना एवढीच विनंती. जैविक पुडी घेताना दराआधी मुदतीची तारीख वाचा. दुकानाबाहेर उन्हात ठेवलेला माल घेऊ नका, आणि घरी आणल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये टाकू नका. रासायनिक बुरशीनाशकात ती कालवू नका. शेणखतात मिसळून, ओल असताना द्या. आणि या वर्षी निदान एका एकरातले पाचट जाळू नका, सरीत दाबा.